ब्रांकुशीचा ‘अनंत स्तंभ’: १:५ प्रतिकृतीसाठी माप, कणा आणि अर्थ

धागाकर्ता: कोरीव_काम

नमस्कार मंडळी,

शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशीचा रोमेनियात तिर्गु जिउ इथे असलेला ‘अनंत स्तंभ’ (१९३८) इथे अनेकांना माहीत असेल. महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्यांकडून त्याची १:५ प्रतिकृती करून घ्यायची आहे. विकायची नाही, अभ्यासासाठीच. पत्रा एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद), ३ मिमी. वेल्डिंग आणि पत्रा वाकवण्याची सोय आहे. बीड (ओतीव लोखंड) ओतायचं नाही.

तीन गोष्टींवर अडलो आहोत. एका मण्याचं, म्हणजे त्या शंकरपाळ्यासारख्या एककाचं, नेमकं प्रमाण काय धरायचं? काही ठिकाणी १५ एककं लिहिलेली सापडतात, काही ठिकाणी १६, तर कुठे १७. दुसरं म्हणजे आतला आधार. मूळ स्तंभात पोलादी कणा आहे म्हणतात, मग आम्ही मणी एकमेकांना सरळ वेल्ड केले तर काय बिघडतं? तिसरा प्रश्न अर्थाचा. विद्यार्थ्यांनी माहितीफलकासाठी ‘स्वर्गाची शिडी’ असा मजकूर लिहिला आहे. हे युद्धस्मारक असेल, तर ब्रांकुशीचं स्वतःचं, घरचं असं त्यात काय आहे? की ते सगळं नंतरच्या समीक्षकांनी चिकटवलं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. आगाऊ धन्यवाद.

---

प्रतिसाद: बीडभट्टी

आधी प्रमाण. ते चुकलं तर पुढचं सगळंच वाया जातं.

एक पूर्ण मणी १८० सेंमी उंच. कंबर (जिथे दोन मणी भेटतात ती जागा) ४५ × ४५ सेंमी, पोट (सगळ्यात रुंद भाग) ९० × ९० सेंमी. म्हणजे १ : २ : ४. स्तंभाची सगळी शिस्त या तीन आकड्यांत आहे. मणी म्हणजे टोक कापलेले दोन चौकोनी पिरॅमिड, तळाला तळ लावून जोडलेले. प्रत्येक अर्धा ९० सेंमी उंच.

१:५ ला कंबर ९, पोट १८, मणी ३६ सेंमी. इथे एक चूक हमखास होते. पत्र्याचा समलंब चौकोन कापताना विद्यार्थी उंची १८ धरतात. ती उभी उंची झाली. पत्रा तिरका बसतो, त्यामुळे तिरकी उंची लागते. एका बाजूला आडवा सरक ४.५ सेंमी, उभी उंची १८, म्हणून तिरकी उंची १८.५५ सेंमी. कोपऱ्याची धार आणखी लांब, १९.०९ सेंमी. समलंबाच्या समांतर बाजू ९ आणि १८, मधलं अंतर १८.५५. कापून झाल्यावर तिरकी धार मोजा. १९.१ च्या आसपास आली तर गणित बरोबर. १८ धरून कापलेले तुकडे जोडले की मणी जेमतेम अकरा मिलिमीटर बसका निघतो आणि खालच्या दोन मण्यांत कुणाच्या लक्षातही येत नाही. सोळा मणी रचले की तोच फरक अठरा सेंमीच्या घरात जातो आणि सगळा स्तंभ ठेंगू दिसायला लागतो.

एका मण्याला असे ८ तुकडे. क्षेत्रफळ ०.२ चौ.मी., ३ मिमी पत्र्यात वजन साधारण ४.७ किलो. एका माणसाला आरामात उचलता येतो.

आता मोजणीचा घोळ. पूर्ण मणी १५. त्याखाली एक अपूर्ण तुकडा, सगळ्यात वर आणखी एक अपूर्ण. दोन अर्धे मिळून एक धरला की १६ होतात, सुटे तुकडे मोजले की १७. तिन्ही आकडे एकाच स्तंभाचे आहेत. पण पुढचं काळजीपूर्वक बघा. १५ मणी म्हणजे २७ मीटर. स्तंभाची उंची सुमारे २९.३. उरले २.३ मीटर. दोन नेमके अर्धे मणी १.८ मीटरचे होतात, म्हणजे अजून अर्धा मीटर उरतोच. म्हणून जमिनीलगतचा तुकडा वरच्यासारखाच १८ सेंमीला कापून मोकळे होऊ नका. समोरून, लांबून काढलेला फोटो घ्या, पहिल्या पूर्ण मण्याची उंची एकक धरा आणि तळाचा तुकडा त्या मापाने मोजा. तुमच्या प्रतिकृतीत हा फरक जवळजवळ १० सेंमीचा आहे. तळ आखूड झाला की स्तंभ जमिनीतून वर आल्यासारखा न वाटता जमिनीवर आणून ठेवल्यासारखा दिसतो.

कण्याबद्दल. मूळ स्तंभाचं वजन सुमारे २९ टन. त्यात बिडाच्या मण्यांचे सुमारे १४ टन आणि आतल्या पोलादी कण्याचे सुमारे १५. आतली न दिसणारी वस्तू बाहेरच्या दिसणाऱ्या वस्तूइतकीच जड आहे. मण्यांचा पृष्ठभाग साधारण ८० चौ.मी. येतो. १४ टनांना त्याने भागलं की बिडाची भिंत सरासरी अडीच सेंमीच्या आसपास निघते. उंची बघता हे पातळ ओतकाम आहे आणि वारा पेलणं हे त्याचं काम नाही. ते काम कण्याचं. गणित आणि बांधणी श्टेफान जॉर्जेस्कु-गॉर्झान या अभियंत्याची, ओतकाम पेत्रोशान इथल्या खाणींच्या मध्यवर्ती कार्यशाळेत झालं. नमुन्याचा लाकडी मणी ब्रांकुशीने स्वतः हाताने तासून दिला होता.

मणी एकमेकांना वेल्ड का करू नयेत? एक कारण कामाचं. प्रत्येक कंबरेला चारी बाजूंनी वेल्ड केलं की पत्रा ओढला जातो. एका बाजूची शिवण आधी थंड होते आणि वरचा मणी त्या बाजूला झुकतो. ९ सेंमी कंबरेवर १ मिमीची चूक म्हणजे सुमारे ०.६ अंश. ती दोन-तीन सांध्यांत एकाच दिशेला गेली की वरचं टोक उघड वाकडं. दुसरं कारण असं की सगळा वारा मग नऊ सेंमीच्या कंबरेतल्या शिवणींवर येतो आणि भेग तिथूनच सुरू होते.

म्हणून आत कणा घ्या आणि मणी वरून ओवा. कंबरेची आतली मोकळी जागा ८.४ सेंमी. ७२ × ७२ × ४.८ मिमीची चौकोनी नळी चारी बाजूंना ६ मिमी सोडून बसते. वाऱ्याचा कच्चा हिशोब असा: पुण्याला आयएस ८७५ (बांधकामावरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद, दाब सुमारे ९३ किलो प्रति चौ.मी. सरासरी रुंदी १३.५ सेंमी, चौकोनी आकारासाठी गुणांक २ धरला तर एकूण धक्का १४५ किलोच्या आसपास आणि तळाशी आघूर्ण (वाकवणारा जोर) सुमारे ४२० किलोग्रॅम-मीटर. ७२ च्या नळीत ताण १६५० किलो प्रति चौ.सेंमी.पर्यंत येतो, तो चालतो. पैसे वाचवायला ६० × ६० × ४ घेतली तर तो २८०० च्या पुढे जातो. ती घेऊ नका. मुंबई-नागपूरला वेग ४४ धरावा लागतो, तिथे ७२ ची नळी एकटी अगदी काठावर येते.

ताण बसला तरी लवचीकपणा उरतोच. एवढ्या बारीक नळीचं टोक मोठ्या वादळात वीतभर डोलेल. तुटणार नाही, पण मणी एकमेकांवर घासतील. उपाय सोपा आहे. ७२ च्या नळीची आतली पोकळी ६२ मिमीची आहे, तीत ६० × ६० × ४ ची दुसरी नळी तळापासून ३ मीटरपर्यंत सरकवा आणि भोकं पाडून वेल्डने भरा. जिथे वाकणं सर्वांत जास्त तिथेच ताकद वाढते. हे सगळे आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. आवारात माणसं फिरणार, तेव्हा संरचना अभियंत्याची सही घेतल्याशिवाय उभारू नका.

---

प्रतिसाद: ओसरीचा_खांब

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. (नावाचा उच्चार रोमेनियनमध्ये ‘ब्रिंकुश’च्या जवळ जातो. आपल्याकडे ब्रांकुसी, ब्रांकुशी दोन्ही चालतं. फलकावर एकच ठेवा.)

‘स्वर्गाची शिडी’ काढून टाका, अशी विनंती आहे. शिडीला पायऱ्या असतात, चढणारा असतो, पोचायची जागा असते. या स्तंभात त्यातलं काही नाही. चढायला सपाट अशी एकही जागा नाही.

आधी तारखा बघू. ब्रांकुशीने हा आकार पहिल्यांदा १९१८ मध्ये ओकच्या लाकडात कोरला. तो माणसाच्या उंचीपेक्षा थोडाच उंच आहे आणि आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. १९२० मध्ये पॅरिसजवळ व्हुलांजी इथे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन याच्या बागेत त्याने दुसरा, बराच उंच लाकडी स्तंभ उभा केला. तिर्गु जिउच्या स्मारकाचं काम त्याच्याकडे आलं १९३० च्या दशकाच्या मध्यात. गॉर्झ भागातल्या महिला संघटनेच्या प्रमुख आरेतिया तातारेस्कु यांना स्मारक हवं होतं. त्यांनी आधी शिल्पकार मिलित्सा पेत्राश्कु यांना विचारलं आणि त्यांनी आपल्या गुरूचं, ब्रांकुशीचं नाव सुचवलं. म्हणजे सैनिकांसाठी हा आकार शोधलेला नाही. जवळजवळ वीस वर्षं जवळ बाळगलेली स्वतःची खूण त्याने आपल्या जिल्ह्याला दिली, आणि मानधनही घेतलं नाही. तुम्ही विचारलेलं ‘घरचं’ ते हेच.

ती खूण आली कुठून? ब्रांकुशीचा जन्म १८७६ चा, होबित्साचा. हे खेडं तिर्गु जिउपासून जवळच आहे. त्या भागातल्या लाकडी घरांना ओसरी असते आणि ओसरीचे खांब कुऱ्हाडीने, पटाशीने खाचा पाडून कोरलेले असतात: रुंद, अरुंद, पुन्हा रुंद. सुताराला एका ओंडक्यातून खांब काढायचा असतो, म्हणून तो ठरावीक अंतरावर आत घेतो आणि बाहेर सोडतो. ही लय अनंत स्तंभात जशीच्या तशी आहे. फक्त एका खांबात दोन-तीन वेळा येते ती इथे पंधरा वेळा येते आणि डोक्यावर छप्पर नाही. वर पेलायला काही नसलेला घरचा खांब, असं मी त्याच्याकडे बघतो.

दुसरा धागा त्याच्या कार्यशाळेतला. ब्रांकुशी आपल्या शिल्पांच्या बैठकी स्वतः कोरायचा आणि त्या बैठकींमध्ये हाच दातेरी आकार वारंवार दिसतो. बैठक म्हणजे दुसऱ्या कशाला तरी उचलून धरणारी वस्तू. ती सलग वर वर रचत गेला आणि वरती शिल्प ठेवलंच नाही, तेव्हा बैठकच शिल्प झाली. मृत सैनिकांच्या स्मारकासाठी हे फार नेमकं आहे. वर ठेवायचा पुतळा नाही, सेनापती नाही, घोडा नाही. आपल्याकडच्या वीरगळावर खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर पूजा आणि शेवटी चंद्र-सूर्य असे टप्पे कोरलेले असतात. बघणारा ते खालून वर वाचत जातो. तिर्गु जिउला तोच खालून वर जाणारा डोळा आहे, पण वाचायला एकही आकृती नाही. तुलना एवढ्यापुरतीच घ्या. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

स्थानिक भाषेत स्तंभाचं नाव ‘अखंड कृतज्ञतेचा स्तंभ’ अशा अर्थाचंही सांगतात. ते मला फलकासाठी जास्त योग्य वाटतं. कृतज्ञता कुणाबद्दल? पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१६ मध्ये जर्मन सैन्य जिउ नदीच्या पुलापर्यंत आलं, तेव्हा गावकऱ्यांसह ज्यांनी ते अडवलं त्यांच्याबद्दल. लोकार्पण २७ ऑक्टोबर १९३८ ला झालं.

आणि स्तंभ एकटा शिकवू नका. नदीकाठी ‘मौनाचं मेज’: गोल दगडी मेज आणि भोवती वाळूच्या घड्याळासारखी १२ आसनं. मग आसनांची वाट. मग ‘चुंबनद्वार’, त्याच्या खांबांवर १९०७–०८ च्या ‘चुंबन’ या शिल्पातलं अर्धवर्तुळ, दोन डोळे एकमेकांत मिसळून एक झालेले. तिथून गावातून सरळ रस्ता, मध्ये चर्च, आणि शेवटी स्तंभ. सगळं एका रेषेत, दीड किलोमीटरच्या आत. बसणं, भेटणं, चालणं आणि मग मान वर करणं, हा क्रम अंगाने घ्यायचा आहे. १२ आसनं म्हणजे १२ महिने की १२ प्रेषित, यावर लोक भांडतात. विद्यार्थ्यांना आधी आसनाचा आकार बघायला सांगा. तो दोन अर्धगोलांचा आहे, कंबर बारीक. मेजाजवळच्या आसनापासून टोकाच्या स्तंभापर्यंत रुंद-बारीक-रुंद हा एकच शब्द आहे.

---

प्रतिसाद: कोरीव_काम

दोघांचेही मनापासून आभार. ‘शिडी’ काढली. तिरक्या उंचीची चूक आमच्या आराखड्यात होतीच, सहा तुकडे कापूनही झाले होते.

अजून दोन शंका. वरचा अर्धा मणी उघडा ठेवायचा की झाकायचा? आणि रंग: मूळ स्तंभ पितळी दिसतो. सोनेरी रंग फवारला तर चालेल का, की पितळेचा पत्रा वापरावा?

---

प्रतिसाद: तांबेरा

रंगाचं मी सांगतो. या स्तंभाचा सगळा त्रासच तिथला आहे.

मूळ मणी बिडाचे. त्यांच्यावर पितळेची तार ज्योतीत वितळवून हवेच्या दाबाने फवारली होती. मेटलायझिंग म्हणतात ते. मणी १९३७ च्या शरदात चढवले आणि फवारणी १९३८ च्या उन्हाळ्यात झाली. ब्रांकुशीला उबदार पिवळी झाक हवी होती आणि ती मिळाली. पण फवारलेला थर सलग नसतो. वितळलेले थेंब एकमेकांवर चपटे होऊन बसतात आणि मध्ये सूक्ष्म छिद्रं राहतात. पावसाचं पाणी त्यातून बिडापर्यंत पोचतं. पितळ आणि लोखंड ओल्या जागी एकमेकांना चिकटून असले की गंजतं ते लोखंड, आणि वरचा पितळी थर जितका मोठा तितका छिद्रातल्या लोखंडावर मारा जास्त. गंज फुगतो, थर आतून उचलला जातो, तपकिरी ओघळ दिसायला लागतात. म्हणूनच त्यानंतर काही दशकांनी फवारणी पुन्हा करावी लागली आणि १९९६ मध्ये मणी उतरवायची वेळ आली. नुसता कणा काही वर्षं उघडा उभा होता. तो बदलून टाकावा की ठेवावा यावर मोठा वाद झाला. शेवटी मूळ कणा ठेवूनच २००० साली स्तंभ पुन्हा पूर्ण झाला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्थानिक प्रशासनाने तो भंगारात काढायला ओढून पाडायचा प्रयत्न केला होता, तेव्हाही याच कण्याने तो वाचवला.

तुमच्यासाठी याचा धडा: एमएसवर थेट पितळ फवारू नका. मधे झिंक हवंच, कारण झिंक लोखंडाच्या आधी स्वतः खपतं. क्रम असा ठेवा. वेल्डिंग संपलं की शिवणी घासून सपाट करा, मग सॅंडब्लास्ट करून पांढुरकी धातू उघडी पाडा (Sa २½ दर्जा मागा), आणि चार तासांच्या आत झिंक-रिच इपॉक्सी लावा. पावसाळ्यात तर त्याच सत्रात, कारण दमट हवेत ब्लास्ट केलेला पत्रा बघता बघता तांबूस होतो. त्यावर इपॉक्सीचा मधला हात, मग रंगाचा पॉलीयुरेथेन. मण्याची आतली बाजू विसरू नका. बाहेरचा रंग दिसतो म्हणून तो सगळे नीट करतात, पण मणी सडतो आतून.

गरम गॅल्व्हनायझिंगचा मोह होईल. ३ मिमीचे पातळ पोकळ मणी गरम झिंकच्या कढईत वेडेवाकडे होतात. शिवाय बंद पोकळीत हवा किंवा ओलावा अडकला तर मणी फुटतो, कढईजवळच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

बाजारातला सोनेरी स्प्रे नको. त्यातली पूड बहुतेकदा तांबे-जस्ताची असते, एका पावसाळ्यात ती काळपट हिरवी पडते आणि तीही डाग-डाग होऊन. सोनेरी हवाच असेल तर मायका असलेला पॉलीयुरेथेन घ्या, तो काळा पडत नाही. मला विचाराल तर चकाकी टाळा. चमकदार पृष्ठभागावर शिवणींची प्रत्येक लाट दिसते, आणि विद्यार्थ्यांच्या हातच्या शिवणींना लाटा असणारच. मध्यम मंद पिवळसर तपकिरी घेतलात तर धारा उठून दिसतील. या शिल्पात दिसायच्या असतात त्या धारा. दुपारच्या उन्हात प्रत्येक मण्याची खालची बाजू सावलीत जाते आणि वरची उजळते, आणि लांबून बघताना उजेड-सावलीचे पट्टे डोळ्यांना वर नेतात.

पितळी पत्रा सुंदर दिसेल, पण तो चांदीच्या डाखाने किंवा टिग वेल्डिंगने जोडावा लागतो आणि पहिल्याच प्रयोगासाठी तो महाग आहे. घेतलाच तर कण्याशी कुठेही धातूला धातू लागू देऊ नका, मधे नायलॉनच्या पट्ट्या द्या. कोकणात असाल तर पितळ सोडाच, खाऱ्या हवेत त्यावरचा लाखेचा थरही टिकत नाही.

---

प्रतिसाद: माळव्याचा_वाटसरू

वर १९३७ आणि १९३८ या दोन तारखा आल्या, त्यांच्या मधोमध ब्रांकुशी कुठे होता हे मराठी वाचकांना सांगितलंच पाहिजे. इंदूरला.

यशवंतराव होळकर दुसरे यांनी त्याच्याकडून ‘अवकाशातला पक्षी’ तीन रूपांत घेतला: ब्राँझ, काळा संगमरवर, पांढरा संगमरवर. त्या पक्ष्यांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. खिडक्या नाहीत, जमिनीखालून प्रवेश, आत पाण्याचं कुंड आणि वरून पडणारा उजेड, अशी कल्पना होती. ब्रांकुशी १९३८ च्या सुरुवातीला त्यासाठी इंदूरला आला. तिर्गु जिउचे मणी चढून झाले होते आणि पितळ अजून फवारायचं होतं. त्याच सुमाराला महाराजांच्या आयुष्यात मोठा आघात झाला होता. कागलच्या घाटगे घराण्यातल्या महाराणी संयोगिताराजे १९३७ च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारल्या होत्या. मंदिर झालंच नाही. काळा आणि पांढरा पक्षी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत (खरेदी १९७३ ची), ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला नॉर्टन सायमन संग्रहालयात.

फलकावर एक ओळ याची असावी असं फार वाटतं. आणखी एक: तिर्गु जिउची ही शिल्पं जागतिक वारशाच्या यादीत आली ती जुलै २०२४ मध्ये, आणि ती बैठक भरली होती नवी दिल्लीत.

---

प्रतिसाद: बीडभट्टी

@कोरीव_काम, वरचा तुकडा. तो रुंद टोकाने आकाशाकडे उघडतो. कंबरेपासून पोटापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. कुणी विद्यार्थी ‘नीट शेवट’ म्हणून त्यावर टोपी किंवा निमुळतं टोक बसवायला निघाला तर अडवा. पूर्ण मण्याने संपवलं तर डोळा कंबरेवर येऊन थांबतो. अर्ध्यावर तोडलं की पुढचा मणी बघणाऱ्याच्या मनात आपोआप सुरू होतो. ‘अनंत’ हे नाव ज्या एका तुकड्यावर उभं आहे तो हा.

झाकायचा मात्र नक्की. उघडा ठेवला तर पाणी, पाला आणि साळुंक्या. ३ मिमीचं झाकण काठाला सपाट बसवा, एका बाजूला ३ मिमी उतार द्या. खालून कुणाला दिसत नाही.

कंबरेचे सांधे. पाणी मण्याच्या पोटावरून बहुतेक गळून पडतं, पण खालच्या उताराला चिकटून आलेले ओघळ कंबरेत शिरतात. प्रत्येक मण्याच्या वरच्या कंबरेला आतून २ मिमी पत्र्याची गळपट्टी वेल्ड करा, १५ मिमी वर डोकावणारी. वरचा मणी तिच्यावर टोपीसारखा बसतो, पाणी आत येत नाही आणि मणी आपोआप मध्यावर येतो. कण्यापासून साडेतीन मिमी फट तरीही उरते. सिलिकॉन भरून सांधा बंद करू नका. आत दव धरतंच, त्याला बाहेर पडायला वाट हवी. तळाच्या तुकड्याला जमिनीलगत १२ मिमीची चार भोकं ठेवा.

उभारणी. पाया १.२ × १.२ मीटर, ०.९ मीटर खोल. कण्याला ३०० × ३०० × २० मिमीची तळपट्टी, चार एम-२० नांगर बोल्ट. तळपट्टी तुमच्या तळच्या मण्यापेक्षा रुंद आहे, म्हणून ती फरशीच्या पातळीखाली जाईल असा पाया आधीच खाली घ्या. नंतर हे सुचून उपयोग नसतो. बोल्टवर खाली-वर दोन-दोन नट द्या. खालच्या नटांनी कणा ओळंब्यात आणा, दोन काटकोनी बाजूंनी ओळंबा बघा, मग तळपट्टीखाली ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) भरा. हे काम सकाळी लवकर करा. ऊन चढलं की एक बाजू तापून नळी किंचित वाकते आणि तुम्ही त्या वाकलेल्या नळीचा ओळंबा लावून बसता. वीज पडण्याच्या दृष्टीने तळपट्टीपासून २५ × ३ मिमीची जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) पट्टी अर्थिंगला न्या.

मणी ओवायला सहा मीटरची परांची लागेल. ओवण्याआधी सगळे मणी जमिनीवर आडवे एका ओळीत ठेवून बघा आणि प्रत्येकावर क्रमांक आणि बाजू खडूने लिहा. हाताने केलेला प्रत्येक मणी थोडा पिळलेला असतो. अर्धा अंश पीळ एकाच दिशेला सोळा वेळा गेला तर वरचा मणी खालच्याशी आठ अंशांनी फिरलेला दिसतो, आणि या स्तंभात चारी धारा खालपासून वरपर्यंत एका रेषेत दिसल्या नाहीत तर काहीच उरत नाही. मणी फिरवला किंवा उलटा धरला तरी त्याचा पीळ त्याच दिशेचा राहतो, म्हणून डावा आणि उजवा पीळ असलेले मणी आलटून-पालटून लावून बघा, म्हणजे पीळ एकमेकांना खातात. क्रम आणि वरची बाजू ठरल्यावरच गळपट्ट्या वेल्ड करा, आधी नाही.

सगळ्यात वाईट जमलेले दोन मणी मधोमध घाला. तळाचे मणी माणसं हात लावून बघतात आणि वरचे आकाशावर रेखले जातात.